दाराचे दात

कानसेन मंडळ : मत-पत्रक
मालिका : कासव
भाग : नाही. आज भाग ऐकलेला नाही, माणूस ऐकला.
ऐकणार : दातवाली
(ऐकताना डोळे मिटावेत. सगळ्यांची पत्रकं गोळा होईपर्यंत कुणी बोलू नये, उठू नये. गोळा झालेलं मत बदलता येणार नाही. शेरा तीन ओळींत.)

शेरा तीन ओळींत बसणार नाही, आधीच सांगते. कागदाची मागची बाजू वापरणार आहे. ती संपली की चष्मेवाल्यांच्या पुढ्यातले कोरे कागद ओढून घेणार आहे.

मास्तर, चष्मेवाले, नर्सबाई. पत्रकं गोळा होईपर्यंत बोलायचं नाही हा नियम तुमचा. उठायचं नाही हाही तुमचाच. म्हणजे माझं पेन चालू आहे तोवर तुमची तोंडं बंद आणि तुम्ही बाकाला चिकटलेले. अकरा वर्षांत हा नियम पहिल्यांदा माझ्या कामी येतोय.

मागच्या बाकावर, वळणाच्या खुणांच्या तक्त्याखाली, काका बसलेत. त्यांनाही बोलता येणार नाही. त्यांचं बोलून झालंय. चार शब्द. त्यावर तुम्ही आकडे लिहिताय.

मास्तर, तुमचा कागद मला इथून दिसतोय.

कथा. गुण : ८

ती तुम्हाला पाठ आहे. तरी लिहिते, कारण हा कागद उद्या मालिकावाल्यांकडे जाणार आहे, मंडळाने पाठवला तरी आणि मी पाठवला तरी.

कासव हे जहाज. तीनशे वर्षांचा प्रवास, म्हणून नाव कासव. आत अकराशे माणसं. ती जन्मतात, भांडतात, मरतात, आणि जिथे जायचंय ते गाव त्यांच्यातल्या एकालाही दिसणार नाही. जहाजाला चारशे दारं आणि सगळ्या दारांना मिळून एकच आवाज. तो आवाज म्हणतो, "दार उघडतंय. सावकाश या." बस. पहिल्या वर्षी दाराला एवढंच वाक्य होतं. पण ते अशा काही आवाजात आलं, की लोकांनी पत्रं पाठवली, आम्हाला दार जास्त हवंय. कप्तान नको, प्रेमप्रकरण नको, दार हवंय.

मग एक्केचाळिसावा भाग आला. कोठाराला आग लागलेली, दार उघडलं तर अख्खं जहाज जाणार. आत एक बाई अडकलीय आणि दार ठोठावतेय. दार तिला वीस मिनिटं बोलण्यात गुंतवून ठेवतं. तिची चौकशी करतं, तिची फिरकी घेतं, तिच्या लेकीचं पहिलं पाऊल कुठल्या दारातून पडलं ते सांगतं. उघडत मात्र नाही. नर्सबाई, तुम्ही उठून बाहेर गेला होतात. नियम मोडून. तेव्हा कुणी नोंद केली नव्हती.

एक गोष्ट या मालिकावाल्यांची मला कायम खटकली. नावं सांगत नाहीत. कुणाचा आवाज, कुणाचं लेखन, काही नाही. जहाज खरं वाटलं पाहिजे म्हणे. त्यामुळे पाच वर्षं आपण ज्याला दार म्हणत होतो त्याला दुसरं नाव आपल्यापाशी नव्हतं. माणसाला नाव नसलं की त्याच्याबद्दल काहीही लिहिता येतं.

आवाज. गुण : थांबा, हा रकाना शेवटी भरते.

पाचव्या वर्षाचा पहिला भाग. रविवार, सकाळचे दहा, हीच मोटार शिकवण्याची शाळा, हाच वर्ग. भिंतीवर हेच तक्ते, टेबलावर हे कापून दोन केलेलं इंजिन. आपण डोळे मिटले. दार बोललं. आणि पत्रकं गोळा झाल्या झाल्या मास्तर म्हणाले, "हा तो नाही."

चष्मेवाले म्हणाले, "मलाही वाटलं. पण सर्दी असेल."

"सर्दीचा काय संबंध? माझा पाय हलला नाही."

आपण सगळे हसलो. मास्तरांचा पाय हा मंडळाचा जुना विनोद. तीस वर्षं शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून मास्तरांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला शिकलाय. घरी खुर्चीत बसूनही दाबतात, असं त्यांची बायको सांगते. दार "सावकाश या" म्हणालं, की बाकाखाली मास्तरांचा पाय हमखास खाली जायचा. ठप्. डोळे मिटलेले असले तरी ते ठप् सगळ्यांना ऐकू यायचं. त्या रविवारी आलं नाही.

मग आपण जुना भाग आणि नवा भाग पाठोपाठ लावले. चार वेळा. आणि मी, दातवाली, मंडळातला सगळ्यात तिखट कान, म्हणाले, "स ऐका. सावकाशमधला स. जुन्या स-मध्ये वारा आहे, नव्यात नाही. हा साच्यातून काढलेला स आहे."

तुम्ही टाळी वाजवलीत. मास्तर म्हणाले, "याला म्हणतात कान!"

तिसऱ्या भागानंतर आपण पत्र लिहिलं. मजकूर माझा. "आम्हाला बहिरे समजू नका. दाराच्या जागी तुम्ही कुणी नकल्या आणून बसवला आहे. हा माणूस खोटा आहे. याला काढा आणि आमचं दार आम्हाला परत द्या." खाली आपल्या चौघांच्या सह्या, त्याखाली इतर गावांतल्या ऐकणाऱ्यांच्या दोनशे बारा. माझी सही सगळ्यात वर. मीच मागून घेतली होती ती जागा.

उत्तर आलं नाही. त्याच वर्षाच्या दहाव्या भागात दार जळालं. तारांना आग लागली, दोन मिनिटांत संपवलं. त्याला एक शेवटचं वाक्यही दिलं नाही. त्या दिवशी चष्मेवाल्यांनी पेढे वाटावेत तसे सगळ्यांशी हात मिळवले होते. "आपण करून दाखवलं."

आवाजामागचे आवाज. गुण : ० (मला)

मी दात करते. तोंडं बघत नाही. एकोणीस वर्षांत एकही तोंड पाहिलेलं नाही. दवाखान्यातून खोका येतो, खोक्यात प्लास्टरचा साचा आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा, वय, पुरुष की बाई, दातांचा रंग. मी मेणात दात बसवते, मेणाच्या जागी कवळी घडते, यंत्रावर घासून चकचकीत करते, खोका परत. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून तर मी कानसेन झाले.

खोके ने-आण करते ती माझी ताई. ती दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, नावं लिहून घेते, रडणाऱ्यांना पाणी देते. दार जळाल्यानंतरच्या मंगळवारी तिने माझ्या टेबलावर खोका आपटला.

"तीनशे सतरा परत आलाय. स्वतः वाच. मी काही बोलत नाही."

ताई 'बोलत नाही' म्हणाली की अर्धा तास बोलते. मी चिठ्ठी वाचली. डॉक्टरीणबाईंचं अक्षर : बोलता येत नाही. काम गेलं. पुढचे दात पुन्हा करावेत.

"कसलं काम करतात?" मी विचारलं.

"दाराचं."

"म्हणजे?"

"मला काय ठाऊक? कुठेतरी जाऊन दाराचं काम करायचे म्हणे. मी म्हटलं सुतार असतील. पण सुताराला बोलायला कशाला लागतं गं? आणि असा भला माणूस. तोंडाला रुमाल लावून बोलतो, मला म्हणतो, ताई, माझा स हरवलाय, तुमच्या टेबलाखाली पडलाय का बघा. मला हसावं की रडावं कळेना. अगं, तुझा चेहरा असा का झाला?"

मी यंत्र बंद केलं. इतकं शांत झालं, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून बघितलं.

जुन्या चिठ्ठ्या आम्ही वर्षभर ठेवतो. तीनशे सतराची काढली. पुढची बाजू मी भरलेली, माझी सही. मागची बाजू मी कधी बघत नाही. कुणीच बघत नाही, मागे काही नसतं. या चिठ्ठीच्या मागे होतं.

"जुन्या दातांचा साचा सोबत देत आहे. दात काढण्यापूर्वी घेतलेला. पुढचे दात होते तसेच ठेवावेत, फटीसकट. बोलण्याचं काम आहे."

जुना साचाही मांडणीवर होता. गुंडाळलेला, धागा न सोडलेला. मी तो उघडलाच नव्हता. आता उघडला. समोरच्या दोन दातांत फट, तांदळाचा दाणा आडवा जाईल एवढी. डावीकडचा दात कुणाच्या तरी खांद्यावर रेलावं तसा शेजारच्यावर रेललेला. आणि मी काय करून पाठवलं होतं? बत्तिशी. सरळ, घट्ट, शेजारी शेजारी, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलींसारखी. वाऱ्याला जायला जागा नाही.

चिठ्ठीवर तारीख होती. त्या आठवड्यात मी काय ऐकत होते तेही मला सांगता येईल, कारण मी त्याची वही ठेवते. एक्केचाळिसावा भाग. तिसऱ्यांदा. त्या माणसाचा आवाज कानात होता आणि हात त्याच माणसाचा स बुजवत होते. आवाज इतका आवडला होता, की चिठ्ठी उलटून बघायचं सुचलं नाही.

ताई म्हणाली, "आता कुणावर ओरडशील? आपलेच दात आणि आपलेच ओठ."

मी तिच्यावरच ओरडले. ती जवळ होती.

शांतता. गुण : या रकान्यात मंडळाने मागच्या रविवारी काय केलं ते लिहिते.

ताईने तीनशे सतराला, म्हणजे या काकांना, फोन केला. मालिकावाल्यांनी त्यांना काय सांगितलंय ते तिने काढून घेतलं. ते असं : सहाव्या वर्षाचं ध्वनिमुद्रण या बुधवारी सुरू होतंय. नवं दार अजून ठरलेलं नाही. जळालेलं दार दुरुस्त होऊ शकतं, जहाजात तारा बदलता येतात. पण ज्यांनी तक्रार केली त्यांनीच ती लेखी मागे घेतली पाहिजे, नाहीतर पुन्हा दोनशे पत्रं येतील. म्हणजे आपण. म्हणजे उद्या, सोमवारी, पत्र निघालं पाहिजे.

मी हे सगळं तुम्हाला उभी राहून सांगितलं. चिठ्ठी दाखवली, साचा दाखवला. माझी चूक, माझे दात, माझा मजकूर, सगळं माझं. फक्त तुमच्या तीन सह्या द्या.

मास्तर म्हणाले, "आपण आवाजावर मत दिलं. माणसावर नाही."

"'हा माणूस खोटा आहे' असं लिहिलंय, मास्तर."

"ते तू लिहिलंस."

"तुम्ही सही केलीत!"

"सही मजकुराला नसते, मताला असते. आणि मत चुकलं कुठे? आवाज बदललाच होता. आपल्या कानांनी बरोबर पकडलं. कारण काय ते बघणं आपलं काम नाही."

चष्मेवाले म्हणाले, "तेच. उद्या कुणी माझ्याकडे येऊन म्हणेल, चष्म्यातून मला बायको वाईट दिसते. चष्मा बरोबर असला तर मी काय करू?"

"चष्मा चुकीचा होता, चष्मेवाले! मी तेच सांगतेय!"

"आवाज चढवू नकोस. इथे आवाज ऐकायला येतो आपण."

नर्सबाई तेवढ्या म्हणाल्या, "अहो, एका माणसाचं काम गेलंय." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तर म्हणाले, "मंडळाचा शब्द आहे तो. अकरा वर्षांत एकही मत आपण मागे घेतलेलं नाही. आज घेतलं तर उद्या आपल्या पत्राला कोण विचारेल?"

तेव्हा मला कळलं. दार नको होतं तुम्हाला. दार पाडता आलं, हे हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढ्यावर एका माणसाला घरी बसवलं, आणि त्याच टाळूवर हात ठेवून तुम्ही नियम सांगताय.

असं मी म्हणाले नाही. मी म्हणाले, "मग ऐका तरी त्यांना. नवे दात करते. ऐका आणि ठरवा."

मास्तर खूश झाले. परीक्षा म्हटलं की ते खूश होतात. "आण. डोळे मिटून ऐकू. आम्हा तिघांच्या गुणांची सरासरी आठ आली तर मत मागे. तुझे गुण धरणार नाही, दात तुझे आहेत."

गुरुवारी दुपारी मी दवाखान्यात गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खोका न पाठवता स्वतः गेले. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीशेजारी उभं राहू दिलं. काका आले. बुटके, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर रुमाल.

"हे दात तुम्ही केलेत?"

"हो, काका."

"फोटोत छान येतील. माझा फोटो कुणी काढत नाही."

नवी कवळी अजून मेणावर होती. मी तिच्या टाळूच्या बाजूवर बारीक पावडर भुरभुरली, तोंडात बसवली आणि म्हटलं, सावकाश म्हणा. मग काढून उजेडात धरली. जीभ जिथे टेकली तिथली पावडर पुसली जाते. नीट स असेल तर मधोमध एक पांढरी वाट उरते, वाऱ्याची. पहिल्यांदा वाट नव्हती. मी डावा दात थोडा झुकवला. पुन्हा सावकाश. धाग्याएवढी वाट. फट वाढवली. पुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, नव्या कवळीत फट? लोक म्हणतील, बाईंना दात लावता येत नाहीत."

"म्हणू द्या, बाई."

अकराव्या वेळी वाट पडली. आणि माझ्या कानापासून हातभर अंतरावर दार बोललं. सावकाश. मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला खुर्ची एकच होती आणि त्यात ते होते.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. आपलं पत्र. मालिकावाल्यांनी त्यांना प्रत दिली होती. ते वाचू लागले, मुद्दाम, स शोधत, दात तपासायला. "हा माणूस खोटा आहे. पाच वर्षं आम्ही ऐकलं... नाही, पाच वर्षांचं इथे काही नाही." कागद खाली घेतला. "वाक्य चांगलं आहे हं. तुटक. लिहिणारा लिहिता माणूस असणार. तुमच्या त्या मंडळातलं कुणी आहे का हो हे?"

दारात ताई उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"मी लिहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घातली. कवळी काढली, वाटीत ठेवली. दात नसलेल्या तोंडाने, स नसलेले शब्द निवडून निवडून म्हणाले, "तू दात कर. उरलेलं मग बघू."

या रकान्यात गुण त्यांना. दहा.

शेवट

आज. आता. अर्ध्या तासापूर्वी.

काका आले तेव्हा तुम्ही उठून उभेही राहिला नाहीत, ओळख झाली तर गुणांवर परिणाम होईल म्हणे. त्यांना मागच्या बाकावर बसवलंत. मास्तरांनी सांगितलं, डोळे मिटा. तिघांनी मिटले. मी मिटले नाहीत.

हो, लिहून घ्या. नियमभंग. मी डोळे उघडे ठेवले आणि सगळं पाहिलं.

काकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. पाणी प्यायले. हा माणूस आठवड्यातून एकदा ध्वनिमुद्रणाच्या काचेच्या खोलीत उभा राहायचा आणि उरलेले सहा दिवस त्या एका दिवसासाठी घसा सांभाळायचा. दही नाही, गार पाणी नाही, नातवाशी आरडाओरडा नाही. हे ताईने सांगितलं, त्यांनी नाही. ते सरळ बसले, तुमच्या पाठींकडे बघितलं आणि म्हणाले :

"दार उघडतंय. सावकाश या."

नर्सबाईंच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. चष्मेवाल्यांनी कान खाजवला.

आणि मास्तर, तुमचा पाय खाली गेला.

ठप् झालं नाही, कारण तुम्ही आज मऊ तळव्याच्या चपला घालून आलायत. एरवी बूट असतात. अकरा वर्षं रविवारी बूट, आज चपला. योगायोग असेल. पण पाय गेला. पूर्ण गेला, टाच उचलून, समोरून लहान मूल धावत आल्यावर जातो तसा. आणि मग तुम्ही तो हळूच वर घेतलात, बाकाखाली मागे ओढलात, आणि डोळे उघडून सहा लिहिलंत.

सहा!

नर्सबाईंचे नऊ. त्यांनी कागद लपवलेलाही नाही. चष्मेवाल्यांचे सात, "जवळपास" असा शेरा. जवळपास म्हणजे काय हो? माणूस स्वतःच्या जवळपास असतो का? पण ठीक आहे. त्यांच्या कानाला सात वाटलं, त्यांनी सात लिहिलं. त्यांचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो वेगळा, तो चहाबरोबर उतरेल.

तुमचा उतरणार नाही, मास्तर. तुम्हाला ओळखू आलं. तुमच्या पायाने तुमच्याआधी सही केली. नऊ आणि सात सोळा, तुमच्या सहाने बावीस, आणि बावीस भागिले तीन आठ होत नाहीत. सरासरी खाली ओढणारा आकडा तुम्ही डोळे मिटलेले असतानाच ठरवून ठेवला होता. आठ लिहिलेत तर चोवीस होतात आणि एका माणसाचं दार उघडतं. मंडळाचा शब्द तेवढा मोडतो.

मोडू दे की! मोडलेल्या गोष्टींवर मी पोट भरते. मोडलेलं नीट होतं, मास्तर, पण आधी मोडलंय असं म्हणावं लागतं. मी एकोणीस वर्षांची कारागीर, मी चिठ्ठी उलटून बघितली नाही, हे ताईसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर, आणि ज्याचे दात त्याच्यासमोर म्हणाले. माझी जीभ झडली नाही. तुम्ही शिकणाऱ्या पोरांना रोज सांगता, चुकलं तर गाडी मागे घ्या, लाज कसली. मग घ्या मागे.

पत्रकं अजून गोळा झालेली नाहीत. नियमात 'गोळा झालेलं मत' असं आहे, 'लिहिलेलं मत' असं नाही. नियम तुमच्याच अक्षरात दारामागे लावलाय, मान वळवा आणि वाचा. मागे घेण्याचं पत्र टेबलावर इंजिनाखाली दाबून ठेवलंय. माझी सही आहे. या वेळी सगळ्यात खाली केलीय.

आवाजाचा रकाना राहिला होता. गुण : १०. धरू नका, दात माझे आहेत. पण लिहून ठेवते.

पेन खाली ठेवत नाहीये. हा कागद तुमच्यापुढे सरकवते आणि पेन हातात धरून बसते. तुमच्या त्या इंजिनाला गंज चढेपर्यंत बसेन.

*

*(मास्तरांचं अक्षर)*

नियमभंग १ : डोळे उघडे. नियमभंग २ : दुसऱ्याचं पत्रक पाहिलं. नियमभंग ३ : शेरा तीन ओळींपेक्षा जास्त. सहा कागद. दातवालीला पुढचे आठ रविवार बंदी.

चपला पायाला फोड आला म्हणून घातल्या. हवं तर फोड दाखवतो.

गुण : ~~६~~ ८. सही केली आहे. पत्र उद्या सकाळी मी स्वतः टाकतो, तुझ्यावर विश्वास नाही.

*

*(चष्मेवाल्यांचं)*

माझे सात कायम. सरासरी आठ होते म्हणून सही करतो. कोरे कागद परत करावेत.

*

*(नर्सबाईंचं)*

सही केली. बंदी आठ रविवार फार होते. चार करा.

*

*(नवं अक्षर. मोठं, सुटं, मागच्या बाकावरून पुढे येऊन, उभ्याने लिहिलेलं)*

मलाही पत्रक हवं होतं, कुणी दिलं नाही. इथेच लिहितो.

दात : ९. डावा अजून टोचतो.

पत्र, पहिलं : ०.

दोन्ही गुण गोळा झाले असं समजावं. मत बदलणार नाही.